तक्त्यातला चंद्र

४ नोव्हेंबर

प्रिय बारके,

प्रभूची छाया तुझ्यावर राहो. तुझं कार्ड काल मिळालं. चार ओळींचं कार्ड, त्यातल्या दोन ओळी 'घाईत आहे' हे सांगण्यात घालवल्यास. घाईत असतीस तर तेवढंही लिहिलं नसतंस. असो.

आई बरी आहे. खाते, झोपते, चाकाच्या खुर्चीतून खिडकीशी नेऊन बसवलं की रस्ता बघते. जुनं सगळं लख्ख आठवतं, आत्ताचं मात्र हातातून सांडतं. तुझं नाव अजून पक्कं आहे. पण कधी कधी ते मला चिकटवते. "बारके, वेणी घट्ट घाल," म्हणते, आणि मी चोपन्न वर्षांची बाई मान खाली घालून बसते. तेव्हा तू ये. सहा वर्षं पुष्कळ झाली.

तू विचारलंस, पुढच्या वर्षी ईस्टर कधी, कारण रजेचा अर्ज वीस तारखेच्या आत द्यायचा आहे, आणि एकदा मंजूर झालेली रजा तुमच्या हॉस्पिटलात फिरत नाही. कळलं. त्या सकाळी चर्चमध्ये मिस्सेला आईच्या एका बाजूला तू आणि एका बाजूला मी, एवढंच तुला हवंय. मलाही दुसरं काही नको.

म्हणून मिस्सा झाल्यावर दप्तरकाकांना गाठलं. तुला आठवत असतील, चर्चच्या कचेरीत बाप्तिस्म्याच्या नि लग्नाच्या नोंदी ठेवतात ते. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, पण बुटात तोंड दिसेल असं पॉलिश. म्हणाले, "नव्या वर्षाचं कॅलेंडर जानेवारीत छापून येतं. पण नड असेल तर बिशपांच्या, वरच्या कचेरीला पत्र टाकतो. दहा दिवसांत उत्तर येईल."

"दहा दिवस कशाला काका? माझ्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात मागे नियम छापलाय. एकवीस मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. मॅट्रिकला गणितात मला त्र्याऐंशी होते."

"त्र्याऐंशी चांगलेच आहेत," ते म्हणाले, "पण तक्ता पाहिल्याशिवाय ही तारीख तोंडातून काढू नये. थांबा जरा."

मी बोलून गेले, "काका, तुम्ही थांबता थांबता ज्यांचा बाप्तिस्मा लिहिलात त्यांची पेन्शन सुरू झाली!" चर्चच्या महिला मंडळातल्या दोघीतिघी होत्या तिथे, पोट धरून हसल्या. काकाही हसले.

घरी येऊन ह्यांच्या कारखान्यातून मिळालेली पुढच्या वर्षाची डायरी उघडली. तिच्यात चंद्राच्या तारखा असतात. पौर्णिमा एकवीस मार्चला, गुरुवारी. त्यानंतरचा रविवार चोवीस. दोनदा करून पाहिलं आणि शाईनं लिहून टाकलं. तेव्हा ईस्टर २४ मार्च. वीस ते सत्तावीस अशी रजा टाक, डोळे झाकून टाक.

हे म्हणतात, मेहुणीला सांग, येताना रोग आणू नकोस. ह्यांचे विनोद असेच.

तुझी
ताई


२३ नोव्हेंबर

ताई,

मंजूर! वीस ते सत्तावीस. मेट्रनबाईंनी भुवया वर केल्या, "ईस्टर इतका लवकर?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आमच्या ताईनं काढलाय. आमची ताई दूधवाल्याच्या कॅलेंडरातल्या चुका दुरुस्त करते." मग सही केली. बदल्यात माझा नाताळ गेला. चोवीस नि पंचवीस डिसेंबर, दोन्ही दिवस डबल ड्यूटी. जाऊ दे. एक सण देऊन दुसरा घेतला. आईजवळ बसून मिळालेला एक, इथल्या दहांच्या बरोबरीचा.

आता एक गंमत ऐक. नऊ नंबरच्या खाटेवर एक निवृत्त इतिहासाचे मास्तर आहेत. खुब्याचं हाड मोडलंय, तोंड शाबूत आहे. त्यांना तुझ्या हिशेबाचं सांगितलं तर ते उठूनच बसायला निघाले. म्हणाले, "सिस्टर, ईस्टरच्या तारखेपायी तर आपली वर्षं मोजायला सुरुवात झाली!"

म्हणजे असं. येशूनंतर पाचेकशे वर्षांनी रोममध्ये एक साधू होता. त्याला पुढल्या वर्षांच्या ईस्टरच्या तारखांचे तक्ते करायचे होते. तोवर ज्या तक्त्यांवर काम चालायचं त्यात वर्षं मोजलेली होती एका बादशहापासून, आणि त्या बादशहानं आपल्या लोकांचा अतोनात छळ केलेला. साधूला वाटलं, सणाच्या तक्त्याच्या डोक्यावर त्या माणसाची आठवण कशाला? त्यानं प्रभूच्या जन्मापासून वर्षं लिहिली. झालं. आज तुझ्या पत्रापासून माझ्या पगारपत्रकापर्यंत सगळं त्याच मोजणीवर चालतं. आणि त्यानं ते वर्ष कसं काढलं, हे कुठे लिहून ठेवलेलं नाही म्हणे! पुढच्या विद्वानांनी ताडून पाहिलं, तर ज्या हेरोद राजानं बाळाला मारायला माणसं पाठवली असं आपण वाचतो, तो राजा त्या हिशेबानं तीन-चार वर्षं आधीच मेलेला. म्हणजे साधू चुकला. निदान तेवढी वर्षं तरी चुकला.

पंचवीस डिसेंबरही पवित्र पुस्तकात कुठे नाही म्हणाले. कोणी म्हणतं तेव्हा रोममध्ये सूर्याचा उत्सव असायचा म्हणून, कोणी म्हणतं पंचवीस मार्चला देवदूत मरियेकडे आला असं धरलं आणि पुढे नऊ महिने मोजले. मी म्हटलं, नऊ महिन्यांचा हिशेब आम्हा नर्सांना पटतो.

तो साधू सह्या करताना नावापुढे 'बारका' असं लावायचा म्हणे. मला तर तो घरातलाच वाटायला लागलाय.

आईला सांग, येते.

बारकी


२९ डिसेंबर

प्रिय बारके,

तुझ्या मास्तरांचं हाड लवकर जुळो आणि ते घरी जावोत. देवाचा वाढदिवस माणसं बसून ठरवतात होय? मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. नाताळच्या मिस्सेला गुडघे टेकले तर डोक्यात नऊ महिने मोजत बसले, तुझ्यामुळे. शेवटी मनाशी म्हटलं, दिवस कोणीही धरलेला असो, गुडघे आपले खरे आहेत.

तुझी जागा रिकामी वाटली. आईला सांगितलं, बारकीनं हा सण आपल्यासाठी सोडलाय, चोवीस मार्चला येते. ती म्हणाली, "चोवीस मार्च. कोणी काढला?" म्हटलं, "मी." तर शेजारणीला सांगायला लागली, "माझी थोरली मॅट्रिक आहे."

एक मात्र खटकलं. तो साधू चुकला, ठीक आहे, माणूस चुकतो. पण दीड हजार वर्षं कोणी दुरुस्त कसं केलं नाही? माझ्या मंडळाच्या वहीत एक तारीख चुकली तर मी रात्रभर तळमळते. खोडून, शेजारी सही करून, बरोबर तारीख लिहिते. चूक झाली तर झाली, पण ती दिसली पाहिजे. विचार तुझ्या मास्तरांना.

चादरी धुऊन ठेवल्यात. तुझी खाट आईच्या खोलीत घालणार आहे.

तुझी
ताई


१७ जानेवारी

प्रिय बारके,

हे पत्र घाईत लिहितेय. चर्चचं कॅलेंडर छापून आलं. ईस्टर चोवीस मार्चला नाही, २१ एप्रिलला आहे.

कसं झालं म्हणशील तर पौर्णिमेचा घोटाळा झाला. दप्तरकाकांकडून जी माहिती घेतली तीच चुकीची निघाली. आता वय झालंय त्यांचं. आपण तरी कोणावर विसंबणार?

रजा बदलून मिळते का बघ. मेट्रनबाईंचे पाय धर. आईला अजून सांगितलेलं नाही.

ताई


१ फेब्रुवारी

ताई,

पाय धरले. उपयोग नाही. एप्रिलच्या ड्यूट्यांचा तक्ता लागलाय, दोघी बाळंतपणाच्या रजेवर आहेत. मेट्रनबाई म्हणाल्या, "सिस्टर, मी तेव्हाच विचारलं होतं." ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन रडले. एवढी मोठी बाई मी, गाऊनच्या बाहीनं नाक पुसत होते.

ताई, मी नाताळ दिला गं. आईला पुढच्या वर्षी मी आठवणार आहे का, हे तुला माहीत नाही आणि मला माहीत आहे. मी असे पेशंट रोज बघते. आधी तारखा जातात, मग नावं, मग माणसं.

म्हणून संतापून फादरांना पत्र टाकलं. स्पष्ट लिहिलं की ज्याला साधी सणाची तारीख नीट सांगता येत नाही त्याच्या हातात लोकांच्या जन्म-लग्नाच्या नोंदी राहू नयेत. कडक लिहिलं. बरं वाटलं.

मास्तरांना मात्र नवल वाटतंय. ते म्हणाले, "ईस्टरचा चंद्र आकाशातला नसतो, तक्त्यातला असतो. सगळ्या जगात एकच दिवस यावा म्हणून चंद्राचेही दिवस शेकडो वर्षांपूर्वी आखून ठेवलेत. तक्त्यातला चंद्र आणि खरा चंद्र कधी कधी एखाद्या दिवसानं मागेपुढे होतात. यंदा आकाशात पौर्णिमा एकवीस मार्चला, पण तक्त्यात वीसला. म्हणजे हद्दीच्या एक दिवस अलीकडे. ती पौर्णिमा बाद. पुढची अठरा एप्रिलला, त्यानंतरचा रविवार एकवीस." आणि पुढे म्हणाले, "आयुष्यभर तक्ता हाताळलेला माणूस ही चूक करणार नाही सिस्टर. ही चूक डायरीत चंद्र बघणाऱ्याची आहे."

मी म्हटलं, म्हातारपण आहे, काहीही होतं. खरं ना?

मी वीसला येतेच आहे. सण नसला तरी आई आहे.

बारकी


१० फेब्रुवारी

प्रिय बारके,

तू फादरांना पत्र टाकायला नको होतंस. विचारून तरी टाकायचंस.

दप्तरकाकांना तूर्त विश्रांती दिली आहे. नोंदींच्या कपाटाची किल्ली फादरांनी माझ्याकडे दिली आहे, माझं अक्षर चांगलं म्हणून. आई बरी आहे. बाकी काही विशेष नाही.

ताई


११ मार्च

बारके,

'प्रिय' लिहायला हात धजेना, म्हणून नुसतंच बारके.

तुझे मास्तर म्हणाले ते अक्षर न् अक्षर खरं आहे. डायरीत चंद्र मी पाहिला. काकांनी तारीख दिलीच नव्हती. ते 'थांबा' म्हणाले होते, 'पत्र टाकतो' म्हणाले होते, आणि त्यांनी टाकलं असतं तर उत्तर तुझ्या अर्जाच्या आत आलं असतं. हे सगळं मी माझ्याच हातानं तुला नोव्हेंबरात लिहिलेलं आहे. काढून बघ. तूही विसरलीस, कारण ताईनं सांगितलं म्हणजे ते खरं, एवढंच तुझ्या डोक्यात. त्याच्याच जोरावर मी खोटं बोलले.

जानेवारीत कॅलेंडर आलं तेव्हा काकांनी एप्रिलचं पान उघडूनच माझ्या हातात दिलं. एवढंच म्हणाले, "बहिणीला आज कळवलंत तर काही करता येईल कदाचित." घरी आले. खरं लिहायलाच बसले होते गं. 'माझी चूक झाली' हे तीन शब्द लिहायचे होते. पण 'आमची ताई चुकत नाही' असं तू मेट्रनबाईंना सांगितलेलं, आईनं शेजारणीला सांगितलेलं, मी स्वतःला तर चाळीस वर्षं सांगत आलेय. लेखणी आपोआप काकांच्या दारात जाऊन उभी राहिली.

मग तुझं पत्र फादरांना आलं. चर्चच्या समितीच्या बैठकीत त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. काका उभे होते. मी तिसऱ्या खुर्चीवर, मांडीवर मंडळाची वही. तू कडक लिहिलंस ते खरंच कडक होतं. फादरांनी विचारलं, "काका, ही तारीख तुम्ही सांगितलीत का?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादी बाई बोलायला उठणार असली की आपण जागा करून देतो, तसं पाहिलं. मी वहीची कड बोटानं सारखी करत बसले. मग ते म्हणाले, "फादर, माझं वय झालंय हे खरं आहे." हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फादरांनी किल्ली मागितली. त्यांनी ती दोऱ्यातून सोडवली. फादरांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं टिपण नीट असतं." आणि मी हात पुढे केला.

हात पुढे केला, बारके. कोणी ढकलला नाही.

एवढ्यावर थांबले नाही. चार आठवडे त्या कपाटापाशी बसले. तीन बाळांचे बाप्तिस्मे माझ्या अक्षरात लिहिले, काकांच्या शेवटच्या ओळीच्या बरोबर खाली. पहिली नोंद लिहिली तेव्हा, देवासमोर खोटं कशाला सांगू, मला आवडलं. ठसठशीत अक्षर, सरळ ओळ. दोन क्षण वाटलं, चांगलंच झालं. त्या दोन क्षणांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. खोटं घाबरून बोलले म्हणता येईल, पण ते वाटलं ते घाबरून नव्हतं.

काका रविवारी मागच्या बाकावर बसायला लागले होते. बुटांना पॉलिश तसंच. लोक त्यांच्याशी मोठ्या आवाजात बोलायला लागले, बहिऱ्याशी बोलावं तसं. मंडळातल्या त्याच दोघी मला म्हणाल्या, "बरं झालं ताई, तुमच्यासारखं माणूस तिथे हवं होतं."

उपवासकाळ लागला, राखेचा बुधवार आला. फादरांनी कपाळावर राख लावली, 'तू माती आहेस' म्हणाले, आणि मला वाटलं आता ते पुढचंही बोलणार सगळ्यांसमोर. मिस्सा संपल्यावर पापकबुलीला गेले आणि सगळं सांगितलं. फादर म्हणाले, "देवाकडून क्षमा आहे. पण कपाटाची किल्ली देवाकडे नाही, तुमच्याकडे आहे. आणि इथे ऐकलेलं मला बाहेर बोलता येत नाही. ते तुम्हालाच बोलावं लागेल."

म्हणून काल, रविवारी, सूचना वाचून झाल्यावर उभी राहिले. कागदावर लिहून नेलं होतं. वाचलं. मागून कोणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाही, मोठ्यानं!" म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मोठ्यानं. "ईस्टरची चुकीची तारीख मी काढली. दप्तरकाकांनी मला थांबवलं होतं. मी बहिणीला खोटं लिहिलं, बैठकीत गप्प बसले, आणि त्यांची किल्ली घेतली." तीन वाक्यं. आईची खुर्ची पहिल्या रांगेशी होती. तिनं टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं मला बक्षीस मिळतंय.

घरी आल्यावर हे दारात म्हणाले, "मला तरी सांगायचंस." ह्यांनी विनोद केला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी किल्ली घेऊन काकांकडे गेले. एक खोली, एक खुर्ची, ती मला दिली आणि स्वतः खाटेवर बसले. मी विचारलं, "काका, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?" म्हणाले, "तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. मग थांबायची सवयच झाली." आज सकाळी कचेरीत येऊन त्यांनी माझ्या तिन्ही नोंदी बोट ठेवून तपासल्या. "बरोबर आहेत. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं," म्हणाले. एखादी चूक काढली असती तर मी त्यांचे पाय धरले असते.

तुझा साधू चुकला, पण त्याला ठाऊक नव्हतं. आणि त्यानं आपल्या चुकीखाली दुसऱ्याचं नाव लिहिलं नाही.

तू येत नाही म्हणालीस तरी माझं काही म्हणणं नाही.

ताई


१५ मार्च

ताई,

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना इंजेक्शनचा ट्रे हातातून पडला.

राग आला आहे. तो लपवत नाही. सण गेला म्हणून नाही. तारीख चुकली असं लिहिलं असतंस तर मी चार शिव्या घातल्या असत्या, रडले असते आणि विसरले असते. माझा हात तू वापरलास. एका म्हाताऱ्या माणसाला मी जे लिहिलं ते त्यांनी उभं राहून, सगळ्यांसमोर ऐकलं. तुझी लाज तुझी आहे. मला तू माझी वेगळी दिलीस, न विचारता.

मास्तरांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "कोणाची चूक निघाली?" मी म्हटलं, "आमच्या घरातली." ते म्हणाले, "मग जवळच आहे, दुरुस्त होईल." त्यांना पुढच्या आठवड्यात घरी सोडतायत.

येणार आहे. वीसला दुपारी पोचेन. घ्यायला येऊ नकोस. स्टँडवरून आधी काकांकडे जाईन, मग घरी. माझ्याशी लगेच गोड बोलायला येऊ नकोस. दोन दिवस दे.

बारकी


२१ एप्रिल, ईस्टर

प्रिय बारके,

आज लिहायलाच हवं होतं.

तू गेल्यापासून घर मुकं झालंय. तू दोन दिवस मागितलेस नि तीन दिवस अबोला धरलास, तरी स्वयंपाकघरात तुझी भांड्यांची आदळआपट होती. काकांच्या खोलीतून तू डोळे पुसत आलीस, त्यांनी तुला काय सांगितलं ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

चोवीस मार्चला आपण आईला चर्चमध्ये नेलं. वेदीवर उपवासकाळाचं जांभळं कापड, फुलं नाहीत, गाणी संथ. तू माझ्या कानात म्हणालीस, "तिला सांगू या ना, आज ईस्टर आहे म्हणून. तिला काय कळतंय? आपण दोघी दोन बाजूंना आहोत. तिच्यापुरता आजचाच दिवस धरू. तारखा काय, माणसांनीच धरल्यात." आणि मी नको म्हटलं. तू माझ्याकडे असं पाहिलंस की आता ही देवमाणूस होऊन दाखवतेय. तसं नव्हतं गं. मीही तेच म्हणणार होते, तुझ्याआधी. माझ्या तोंडात ते वाक्य इतकं तयार होतं की मला त्याचीच भीती वाटली. तू तिला आनंद म्हणून सांगितलं असतंस. मी सांगितलं असतं ते माझी चूक बरोबर ठरावी म्हणून. तुला ह्यावर वाद घालायचा असला तर पत्रातून घाल. कदाचित तुझंच बरोबर असेल. त्या दिवशी तिनं तुझे हात धरून "किती गार, स्वेटर घाल बारके" म्हटलं, तुलाच म्हटलं, मला नाही. तेवढं तरी तुझ्या पदरात पडलं.

आज पहाटे आईला न्हाऊ घातलं, पांढरी साडी नेसवली. चर्च फुलांनी भरलेलं. काका पुढच्या बाकावर, त्यांच्या जुन्या जागी. त्यांनी पुढल्या वर्षाची तारीख एका चिठ्ठीवर लिहून दिली आहे, वरच्या कचेरीला पत्र टाकून मागवलेली. बारा एप्रिल. "बहिणीला पाठवा," म्हणाले. चिठ्ठी सोबत जोडते. माझ्या अक्षरात लिहीत नाही.

गाणं सुरू झालं आणि आईनं डाव्या बाजूला पाहिलं. तिथे तुझी जागा मोकळी ठेवली होती. म्हणाली, "बारकी कुठाय?"

'ड्यूटी आहे' हे दोन शब्द होते, आणि ते खोटेही नव्हते. पण मी म्हटलं, "आई, मी तारीख चुकीची सांगितली. म्हणून ती येऊन गेली आणि आज नाही."

"तू चुकलीस?" म्हणाली. केवढं नवल तिला.

दोन गाण्यांनंतर पुन्हा, "बारकी कुठाय?" पुन्हा सांगितलं. ह्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रवचनात विचारलं, तेव्हा मागचे लोक ऐकत होते, तरी सांगितलं. ती म्हणाली, "असू दे, लहान आहेस." घरी येताना वाटेत विचारलं, तेव्हा माझ्या हातावर चापट मारली, लागेल अशी. जेवताना विचारलं, तेव्हा ऐकून नुसती हसली आणि आपल्या ताटातलं माझ्या ताटात वाढलं. दर वेळी तिला ते पहिल्यांदाच कळतं. दर वेळी मला ते पहिल्यांदाच सांगावं लागतं, आणि ती ह्या खेपेला काय करेल ते माहीत नसतं. त्या रविवारी चर्चमध्ये सांगितलं तेव्हा वाटलं होतं, सुटले. ह्यांनी मघाशी हळूच म्हटलं, "अगं, कामावर आहे म्हण. रोज मरायचं काय त्यात?" मी नाही म्हटलं. त्यांनी आज पहिल्यांदा माझं ताट उचलून नेलं.

ती दुपारची झोपली होती म्हणून एवढं लिहिता आलं. आता उठलीय. आतून हाक मारतेय, तुझ्याच नावानं मारतेय. विचारणार.

जाते. सांगून येते.

तुझी
ताई